रिचार्ज मारण्याआधी: मोबाईल कंपनी आणि तिचा प्लॅन पारखायचा कसा

आईच्या फोनवर वर्षभराचा प्लॅन टाकला तेव्हा मी हिशोब अगदी चोख केला होता. रोजचा खर्च किती पडतो, डेटा किती मिळतो, दर महिन्याच्या रिचार्जपेक्षा किती वाचतात, सगळं कागदावर मांडलं होतं. आमचं गाव भोरच्या पलीकडे, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला. पुण्यात बसून दर महिन्याला आठवण ठेवण्यापेक्षा एकदाच पैसे भरून मोकळं व्हावं, असा विचार होता. दोन महिन्यांनी गावी गेलो तर फोन वाजला की आई हातातलं काम टाकायची, पदराला हात पुसायची आणि अंगणात तुळशीवृंदावनापाशी जाऊन उभी राहायची. घरात आवाज तुटत होता. "मला सांगितलं का नाहीस?" असं विचारलं तर म्हणाली, "एवढे पैसे भरलेस तू. आता कशाला सांगायचं?"

प्लॅन मी तपासला होता, घर तपासलं नव्हतं. तेव्हापासून नात्यात, शेजारी, कामावर कुणीही "कुठलं सिम घेऊ?" असं विचारलं की मी एकाच क्रमानं जायला सांगतो. आधी रेंज, मग हातातला फोन, मग आपला वापर, त्यानंतर पैशांचा हिशोब आणि शेवटी, पण पैसे भरण्याआधीच, ग्राहकसेवेची परीक्षा. बहुतेक लोक जाहिरातीतल्या जीबीच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि मग वर्षभर खिडकीत उभं राहून बोलतात.

पायरी १ : रेंज घरात मोजा, दुकानात नाही

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या पद्धतीनं ठरवतो. खरा आकडा फोनच्या पोटात असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज उघडा, 'अबाउट फोन'मध्ये जा, तिथे 'सिम स्टेटस' आणि त्यात 'सिग्नल स्ट्रेंथ' सापडेल. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो, त्यात 'आरएसआरपी' म्हणजे सिग्नलची ताकद, त्या नावापुढचा आकडा बघा. उणे ९५ डीबीएम (सिग्नल मोजायचं माप) असं काहीतरी दिसेल. आकडा उणे असल्यामुळे तो शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. ४जीवर उणे ८५च्या आसपास असेल तर चिंता नको. उणे १००च्या खाली गेला की व्हिडिओ अडखळायला लागतो, आणि उणे ११५च्या खाली फोन लागण्याचीच मारामार होते.

आता एक वही घ्या आणि घरातल्या ज्या जागी तुम्ही खरोखर फोनवर बोलता तिथे जाऊन आकडे लिहा. झोपायची खोली, स्वयंपाकघर, कामाचं टेबल, दुकान असेल तर गल्ला. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. रात्रीची नोंद महत्त्वाची असते, कारण तेव्हा सिग्नलचा आकडा तोच राहिला तरी टॉवरवर गर्दी वाढते आणि वेग पडतो. म्हणून रात्री वेगही मोजा. ट्रायचं म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं 'मायस्पीड' नावाचं ॲप त्यासाठी पुरेसं आहे.

आमच्या घराचे आकडे मी नंतर घेतले. अंगणात उणे ९६, माजघरात उणे ११४, मागच्या स्वयंपाकघरात 'नो सर्व्हिस'. दगडी भिंती आणि वर पत्रा असल्यावर दुसरं काय होणार? पत्र्याखाली लहरी नीट शिरतच नाहीत. शेजारच्या काकूंचा फोन मागून घेतला, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. त्याच माजघरात त्यावर उणे १०१ आलं. दहा मिनिटांचं काम होतं. ते मी पैसे भरण्याआधी करायला हवं होतं.

काकूंसारखा शेजार नसेल तर फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या जागेचा उपयोग करा. ज्या कंपनीकडे जायचा विचार आहे तिचं एक नवं सिम घ्या, सर्वांत लहान मुदतीचा रिचार्ज मारा आणि महिनाभर दोन्ही सिम शेजारी शेजारी वापरून बघा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत वसूल होणारे पैसे हेच.

कंपन्यांच्या वेबसाइटवर आता कव्हरेजचे नकाशे असतात. ट्रायचे सेवेच्या दर्जाबाबतचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. त्यानुसार २जी, ४जी, ५जी कुठे आहे हे कंपनीनं नकाशावर दाखवणं बंधनकारक झालं. हा नकाशा जरूर बघा, पण रेंज कुठे नाही हे कळण्यापुरता. नकाशात गावावर रंग आहे म्हणून माजघरात आवाज येईल असं नाही. भिंती आणि पत्रे त्या नकाशाला माहीत नसतात.

दूरसंचाराच्या नकाशात आपलं राज्य एकसंध नाही, हेही ध्यानात ठेवा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हा पट्टा म्हणजे मुंबई सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. प्रत्येक सर्कलमध्ये कंपन्यांनी वेगवेगळ्या लहरी विकत घेतलेल्या असतात. त्यामुळे "दादरला माझ्या भावाकडे मस्त चालतं" या वाक्याचा सांगोल्यात किंवा सावंतवाडीत काही उपयोग नाही.

गावाकडे आणखी एक गोष्ट विचारायचीच. लाईट गेल्यावर रेंज किती वेळ टिकते? वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली आणि जनरेटर सुरू झाला नाही की सगळं गाव मुकं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हे हमखास होतं. याचं उत्तर कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही, गावातल्या किराणा दुकानात मिळतं. दुकानदार कुठलं सिम वापरतो ते विचारा, आणि त्याच्या यूपीआयच्या डबीला पैसे आल्याचं बोलायला किती वेळ लागतो तेही ऐका. त्या डबीतही सिमच असतं.

घरात ब्रॉडबँडचं वायफाय असेल तर थोडी सुटका आहे. वायफाय कॉलिंग सुरू केलं की टॉवरची रेंज नसली तरी साधा फोन वायफायवरून लागतो. देशात ही सोय २०१९च्या अखेरीपासून मिळू लागली. मात्र ती तुमच्या फोनच्या मॉडेलवर त्या कंपनीसाठी चालते का, हे आधी बघावं लागतं.

पायरी २ : हातातला फोन त्या कंपनीच्या लहरी पकडतो का?

फोन आणि कंपनी यांचं जुळावं लागतं. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीवरच उभं आहे, त्यात २जी-३जी नाहीच. त्यामुळे जुना २जी बटणांचा फोन वापरणाऱ्या आजोबांना ते सिम देऊन काही होणार नाही. फोनमध्ये ४जी आणि व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, दोन्ही लागतं. एअरटेल आणि व्हीआयकडे २जी अजून आहे. बीएसएनएलनं स्वदेशी बनावटीचं ४जी सप्टेंबर २०२५मध्ये देशभरासाठी अधिकृतपणे सुरू केलं. डोंगराळ गावांत जिथे दुसऱ्या कुणाचा टॉवर नाही तिथे हे सिम तपासून बघण्यासारखं आहे. फक्त आपल्या गावच्या टॉवरवर ४जी चढलंय का, याची खात्री करा.

५जीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच पैसे उगाच जातात. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला. फोनच्या खोक्यावर ५जी लिहिलं म्हणजे सगळ्या कंपन्यांचं ५जी त्यात चालतंच असं नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बँडची, म्हणजे फोन पकडतो त्या लहरींच्या पट्ट्यांची, यादी असते, तिच्यात एन७८ आणि एन२८ आहेत का ते बघा. एन७८ म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी. वेग चांगला, पण भिंतीपुढे लवकर दमतात. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, त्या लांब जातात आणि घरात शिरतात. जिओ त्यांचा ५जीसाठी वापर करते. जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय चालणारं असल्यानं फोनमध्ये 'एसए' म्हणजे स्टँडअलोन ५जीची सोयही लागते. शिवाय अमर्याद ५जी सगळ्या प्लॅनवर मिळत नाही. जुलै २०२४मध्ये दर वाढले त्या वेळी ते रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवण्याकडे कंपन्यांचा कल दिसला. म्हणजे स्वस्त प्लॅन, ५जी फोन आणि दारात ५जीचा टॉवर असूनही तुम्ही ४जीवरच असू शकता. तुमच्या भागात ५जी पोचलेलं नसेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

पायरी ३ : आपण खरोखर किती वापरतो?

याला अंदाज लागत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा यूसेज' असतं, त्यात मागच्या महिन्याचा मोबाईल डेटा दिसतो. तीन महिन्यांचे आकडे लिहून घ्या. वायफायवर झालेला वापर त्यात धरायचा नाही.

घरी आणि ऑफिसात वायफाय असलेल्या माणसाला महिन्याला पाच-सात जीबी पुरतात, आणि तो रोज २ जीबीचा प्लॅन मारून बसलेला असतो. रोज २ जीबी म्हणजे २८ दिवसांत ५६ जीबी. त्यातले पन्नास दररोज रात्री बारा वाजता थोडे थोडे वाया जातात. दुसऱ्या बाजूला एसटीनं रोज दोन तास प्रवास करणारा आणि वाटेत व्हिडिओ बघणारा मुलगा असतो. त्याचे दीड जीबी दुपारीच संपतात आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, फोटो अडकतो. डेटा ५० टक्के, ९० टक्के आणि पूर्ण संपल्यावर कंपनीनं मेसेज पाठवायचा असतो. हे मेसेज पुसू नका. महिन्यात शंभर टक्क्यांचा मेसेज किती वेळा आला ते मोजलं की प्लॅन कमी पडतोय का ते आपोआप कळतं.

वापर एकसारखा नसेल, म्हणजे आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी चार जीबी, तर रोजच्या कोट्याचा प्लॅन घेऊच नका. पूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा डेटा देणारे प्लॅन असतात. कंपनीच्या ॲपमध्ये खाली खाली गेल्यावर ते सापडतात.

आणि ज्यांना डेटा लागतच नाही त्यांचं काय? ट्रायनं डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएस देणारे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि अशा खास रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. जानेवारी २०२५पासून हे प्लॅन मिळू लागले. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं. बटणांचा फोन वापरणारे आजी-आजोबा, फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेला दुसरा नंबर, शेतातल्या मोटरीला लावलेलं सिम, यांच्यासाठी हे प्लॅन फार कामाचे आहेत. मी आईसाठी त्याचा विचार केला आणि सोडून दिला. रविवारी ती नातवाला व्हिडिओ कॉल करते, तेवढ्यासाठी तिला डेटा हवा. ज्याचा फोन आहे त्याला विचारल्याशिवाय डेटा काढून टाकू नका.

पायरी ४ : हिशोब

सगळे प्लॅन एकाच मापानं मोजायचे, आणि ते माप म्हणजे एका दिवसाचा खर्च. किमतीला मुदतीच्या दिवसांनी भागा. समजा २८ दिवसांचा प्लॅन ३०० रुपयांचा आहे. रोजचे पडले १० रुपये ७१ पैसे. मनात आपण "महिन्याचे तीनशे, वर्षाचे छत्तीसशे" असं धरतो. पण २८ दिवसांनी वर्ष भरायला तेरा रिचार्ज लागतात, म्हणजे ३,९०० रुपये. तेरावा रिचार्ज हिशोबात धरत नाही म्हणून २८ दिवसांचा प्लॅन स्वस्त वाटतो. ट्रायनं जानेवारी २०२२मध्ये आदेश काढून ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक प्लॅन ठेवायला लावला, तो यासाठीच. ज्यांचा पगार एक तारखेला होतो त्यांना तारखेचा प्लॅन सोयीचा पडतो.

पोस्टपेडला आणखी एक कलम असतं. प्रीपेडच्या छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत बहुधा नसतो. जाहिरातीतले ३९९ रुपये बिलावर ४७० रुपये ८२ पैसे होतात. तुलना याच आकड्याशी करा. पैसे भरायच्या काही ॲपवर रिचार्जमागे रुपया-दोन रुपये वरचे लागतात, ते कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर वाचतात.

प्लॅनसोबत येणाऱ्या चित्रपट-मालिकांच्या ॲपचं मोल कसं धरायचं? स्वतःला एकच विचारा: हा प्लॅन नसता तर मी हे ॲप पैसे देऊन घेतलं असतं का? हो असेल तर त्याची किंमत प्लॅनमधून वजा करा, नाहीतर शून्य धरा. ते फक्त मोबाईलवर चालतं की टीव्हीवरही, आणि त्याची मुदत प्लॅनइतकीच आहे का, हे अटींच्या पानावर लिहिलेलं असतं.

वर्षाच्या प्लॅनमध्ये रोजचा खर्च बहुधा कमी पडतो हे खरं. पण तुम्ही पोर्ट झालात, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे गेलात, तर उरलेली मुदत आणि शिल्लक दोन्ही बुडतात. आईच्या बाबतीत माझे दहा महिन्यांचे पैसे असेच गेले. म्हणून वर्षाचा प्लॅन घ्यायचा तो त्या सिमवर त्याच घरात निदान एक पावसाळा काढल्यावर. तोवर २८ किंवा ८४ दिवसांचाच बरा.

परदेशी जाणाऱ्यांनी रोमिंगचा पॅक देशात असतानाच सुरू करावा आणि तो चालू होण्याआधी विमानतळावर मोबाईल डेटा बंद ठेवावा. पॅक नसताना लागणारे दर फार महाग असतात.

पायरी ५ : अडचण येण्याआधी ग्राहकसेवेला फोन करून बघा

हे फारसं कुणी करत नाही, आणि माझ्या मते कंपनी निवडताना रेंजच्या खालोखाल महत्त्वाचं हेच आहे. सगळं ठीक चालू असताना सगळ्या कंपन्या सारख्याच वाटतात. सिम हरवतं, पैसे जाऊन प्लॅन लागत नाही, नंबर अचानक बंद पडतो, तेव्हा फरक कळतो.

ज्या कंपनीकडे जायचंय तिचं सिम असलेला फोन घ्या, कारण ग्राहकसेवेचे छोटे नंबर त्याच कंपनीच्या सिमवरून लागतात. महिनाभरासाठी घेतलेलं दुसरं सिम इथेही कामाला येतं. संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान फोन लावा आणि घड्याळ बघा. माणसाचा आवाज यायला किती वेळ लागला, त्याआधी किती बटणं दाबावी लागली? माणसाशी बोलायचा पर्याय निवडल्यावर १०० पैकी ९५ कॉल ९० सेकंदांत उचलले जावेत, असं ट्रायचं मापदंड आहे. पण त्या पर्यायापर्यंत पोचायलाच पाच मिनिटं लागत असतील तर त्या ९० सेकंदांचा काय उपयोग?

मराठीचा पर्याय आहे का आणि तो निवडल्यावर खरोखर मराठी बोलणारा माणूस येतो का, हे मी नेहमी बघतो. फोन माझ्यासाठी नसतो, आईसाठी असतो. तिला हिंदीत "आपकी समस्या बताइए" असं कुणी म्हटलं की ती "राहू दे" म्हणते आणि फोन ठेवते.

माणूस आला की तीन गोष्टी विचारा. रोजचा डेटा संपल्यावर वेग किती राहतो? माझ्या या मॉडेलवर वायफाय कॉलिंग चालेल का? सिम हरवलं तर नवं घ्यायला कुठे जायचं, काय कागद लागतील आणि किती वेळात सुरू होईल? पहिल्याचं उत्तर त्याला तोंडपाठ असायला हवं. दुसऱ्याला त्यानं शोधून सांगायला हवं. तिसऱ्याचं उत्तर देताना तो तुमच्या गावाजवळचं खरं ठिकाण सांगतो की "जवळच्या स्टोअरला भेट द्या" एवढंच म्हणतो, ते ऐका. मग त्या दुकानात खरंच जाऊन या. भोरला मी गेलो तेव्हा बाहेर पाटी होती, आत मोबाईलची कव्हरं विकायला ठेवलेली होती आणि सिम बदलून देण्याचं यंत्र "पुण्याला दुरुस्तीला गेलंय" असं सांगितलं. त्या एका वाक्यामुळे त्या कंपनीचं नाव मी यादीतून काढलं. सिम हरवल्यावर आईला त्यासाठी पुणं गाठावं लागलं असतं.

पायरी ६ : तक्रारीचा रस्ता आधीच माहीत करून घ्या

मागच्या वर्षी माझ्याच नंबरवर रिचार्जचे पैसे गेले आणि प्लॅन लागला नाही. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पहिल्या दिवशी फोन केला, "२४ तासांत होईल, सर" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझ्या तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंद क्रमांक, सांगा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कळलं की आधीचे दोन्ही फोन चौकशी म्हणून नोंदले गेले होते, तक्रार अशी नोंदच नव्हती. त्या फोनवर नंबर मिळाला, मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॅन सुरू झाला.

म्हणून चौकशी आणि तक्रार यातला फरक पक्का लक्षात ठेवा. चौकशीचा नंबर कंपनीनुसार वेगळा असतो, तक्रारीचा १९८, आणि १९८ला पैसे लागत नाहीत. २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळालाच पाहिजे आणि तो मेसेजवर आला पाहिजे. तो आल्याशिवाय फोन ठेवू नका. वहीत तारीख, वेळ, नंबर आणि पलीकडचा माणूस काय म्हणाला ते लिहा. रिचार्जच्या पावतीचा, यूपीआयच्या व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्याचा ईमेल पत्ता कंपनीच्या साइटवर असतो. इथपर्यंत फार कमी लोक जातात, म्हणून सांगतो की इथलं पत्र कॉल सेंटरच्या बाहेरचा माणूस वाचतो. अर्ज मराठीत लिहिला तरी चालेल, पण डॉकेट नंबर पहिल्या ओळीत हवा.

अनेकांना वाटतं थेट ट्रायकडे तक्रार करावी. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीकडून दाद मिळाली नाही तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाचा नंबर १०६३ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेच. फोन कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात तो मुद्दा निकाली काढला, जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाची फी लागत नाही.

न मागता एखादी कॉलर ट्यून किंवा भविष्याची सेवा सुरू झाली आणि पैसे कापले गेले, तर ती १५५२२३ वर बंद होते. जाहिरातींचे फोन नकोत तर १९०९. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथे दिसला तर तिथूनच कळवता येतं. कंपनी बदलण्याच्या निमित्तानं हे एकदा बघून घ्याच.

पायरी ७ : पोर्ट करणं

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११पासून आहे. सर्कल ओलांडूनही नंबर नेता येतो तो ३ जुलै २०१५पासून. आधी तीन गोष्टी बघा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. आणि सिम नुकतं बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा शेवटचा नियम १ जुलै २०२४पासून आहे, नंबर चोरणाऱ्यांना आळा घालण्यासाठी आणलेला.

मग १९०० या नंबरवर मेसेज पाठवा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असं ट्रायनं डिसेंबर २०२१मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. आधार आणि कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल, म्हणजे ठाण्याहून नाशिकला नंबर न्यायचा असेल, तर पाच. विचार बदलला तर अर्ज केल्यापासून २४ तासांत १९००लाच रद्द करायचा मेसेज पाठवता येतो.

हा कोड फोनवर कुणालाही सांगू नका, "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. पोर्टचा अर्ज गेला की जुनी कंपनी फोन करून सवलत देऊ करते. सवलत चांगली असली तरी माजघरातला उणे ११४ तिनं बदलत नाही. अर्ज सोमवारी करा, म्हणजे शनिवार-रविवार मध्ये येत नाहीत. जुनं सिम बंद पडून नवं सुरू होईपर्यंत मध्ये थोडा काळ नंबर मुका असतो, तेव्हा बँकेचं किंवा रेल्वे आरक्षणाचं काम ठेवू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप आदल्या रात्री घ्या.

आईचा नंबर मार्चमध्ये पोर्ट केला. पहिल्या आठवड्यात मी तिला रोज वेगवेगळ्या वेळी फोन केला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "आई, आत्ता कुठे आहेस?" "चुलीपाशी," "मागच्या दारी," "गोठ्यात," अशी उत्तरं वहीत लिहिली. गोठ्यात आवाज अजून तुटतो. सध्या तिला ८४ दिवसांचाच प्लॅन टाकला आहे. वर्षाचा घ्यायचा की नाही ते दसऱ्याला ठरवेन, पावसात लाईट गेल्यावर टॉवर किती तास तग धरतो ते बघून.